ग्रेट निकोबार : बेट रिकामे आहे, हे कुणी ठरवले?

लातूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, चालू घडामोडींच्या वहीत ग्रेट निकोबारचे एक पान हमखास सापडते. इंदिरा पॉईंट हे देशाचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक. शॉम्पेन ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात. गॅलेथिया उपसागर म्हणजे लेदरबॅक कासवांची अंडी घालण्याची जागा. प्रकल्पाचा खर्च ७२ हजार कोटी. नांदेडची पोरेही हेच पाठ करतात. एमपीएससीला प्रश्न आला तर गुण मिळतील, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या पोराचे आजोबा गायरानावर दगड वेचून जमीन करत होते आणि आजही ज्याच्या घरात त्या जमिनीचा सातबारा नाही, त्याने हे पान नुसते पाठ करून सोडू नये. ते पान त्याच्याही घराबद्दल आहे.

एवढ्या दूरच्या बेटाशी मराठवाड्याचा काय संबंध, असे कुणी विचारेल. म्हणून आधी या बेटांची किंमत नेमकी कशात आहे ते पाहू. भावनेने बोलायला नंतर जागा आहे.

किंमत जमिनीची नाही, पाण्याची

दूरच्या छोट्या बेटांना आज जो भाव आला आहे, त्याच्या मुळाशी १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार आहे. या कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत देशाला विशेष आर्थिक क्षेत्र दिले. त्या पाण्यातली मासळी, तळाखालचे तेल आणि वायू, वाऱ्यावर वा लाटांवर तयार होणारी वीज, या सगळ्यावर त्या देशाचा हक्क. आता गणित करा. चारी बाजूंनी मोकळ्या समुद्रात असलेले एक टिकलीएवढे बेट घेतले आणि त्याभोवती २०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर ते क्षेत्र चार लाख चौरस किलोमीटरच्या वर जाते. अख्ख्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आहे. एका बेटामागे एका महाराष्ट्रापेक्षा मोठा समुद्र. अंदमान-निकोबारमुळे भारताला मिळालेले क्षेत्र सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर आहे, देशाच्या एकूण विशेष आर्थिक क्षेत्राच्या जवळपास तीस टक्के.

या करारात कलम १२१ आहे आणि त्याचे तिसरे पोटकलम आपल्या विषयाचा गाभा आहे. ज्या खडकावर माणसाची वस्ती टिकू शकत नाही आणि ज्याला स्वतःचे आर्थिक जीवनही नाही, त्याला २०० मैलांचे क्षेत्र मिळत नाही. जुलै २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या खटल्यात लवादाने याच कलमावर बोट ठेवून स्प्रॅटली समूहातल्या एकाही भूभागाला असे क्षेत्र नाकारले. सरकारने तिथे सैनिक आणि कर्मचारी आणून बसवले म्हणजे वस्ती होत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. थोडक्यात, समुद्रावरचा हक्क माणूस तिथे नांदू शकतो या गोष्टीतून जन्माला येतो. आणि व्यवहारात काय होते? हक्क सांगून झाला की त्या माणसालाच सांगितले जाते, की तू अडचण आहेस.

मलाक्काचे दार

ग्रेट निकोबारचे दुसरे मोल म्हणजे त्याची जागा. इंडोनेशियाचे सुमात्रा इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा पूर्व-पश्चिम जहाजमार्ग बेटापासून सुमारे ४० सागरी मैलांवर. जगाच्या सागरी व्यापाराचा फार मोठा वाटा आणि चीनला लागणाऱ्या आयात तेलाचा मोठा भाग या अरुंद वाटेने जातो. तिथे ज्याचे विमान आणि नौका तैनात, त्याला येणारे-जाणारे दिसते. म्हणून २००१ मध्ये अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची संयुक्त कमान झाली आणि ३१ जुलै २०१२ ला कॅम्पबेल बे इथे ‘आयएनएस बाज’ हा नौदलाचा तळ सुरू झाला. हे सगळे योग्यच आहे. संरक्षणाची गरज नाकारण्याची सवय आपल्या चळवळीला कधी नव्हती. महार रेजिमेंट ज्यांच्या घरात आहे त्यांना देशरक्षण म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

पण ऊर्जेच्या बाबतीत एक गोष्ट वर्तमानपत्रांच्या नकाशांत हरवून जाते. मलाक्का हा मुख्यतः चीन, जपान, कोरियाचा गळा आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, पण ते बव्हंशी पश्चिमेकडून येते. आखाती देशांचे तेल होर्मुझमधून निघते आणि थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागते. निकोबारमुळे आपल्या घरातला गॅस सिलिंडर सुरक्षित होतो, असे कुणी सांगत असेल तर त्याने नकाशा पुन्हा पाहावा. निकोबार आपल्याला दुसऱ्याच्या तेलावर नजर ठेवण्याची ताकद देते. ही ताकद मोठी आहे, तिचे मोल आहे. फक्त तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली पाहिजे.

समुद्राखालचे इंधन हा तिसरा मुद्दा. सुमात्राच्या उत्तरेला इंडोनेशियाच्या हद्दीतल्या अंदमान खोऱ्यात डिसेंबर २०२३ मध्ये लायारान नावाच्या विहिरीत मोठा वायुसाठा लागल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये ऑइल इंडियाला अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला. पेट्रोलियममंत्र्यांनी ही बातमी मोठ्या उत्साहाने दिली. वायूचे अस्तित्व सापडणे आणि व्यापारी साठा सिद्ध होणे यांत बरेच अंतर असते, तरीही ही चांगली बातमी आहे. एक लक्षात घ्या. ही विहीर ग्रेट निकोबारपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे. तिथला वायू काढण्यासाठी गॅलेथियाचे जंगल तोडावे लागत नाही. समुद्र कायद्याने आधीच आपला आहे.

१६६ चौरस किलोमीटरचा हिशेब

आता प्रकल्प. निती आयोगाने कल्पना मांडली, अंदमान-निकोबार एकात्मिक विकास महामंडळाकडे अंमलबजावणी दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. चार भाग आहेत : गॅलेथिया उपसागरात कंटेनर बंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, ४५० एमव्हीए क्षमतेचा वायू आणि सौर वीज प्रकल्प, आणि नवे शहर. एकूण जमीन १६६.१० चौरस किलोमीटर, त्यातले १३०.७५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र. सरकारने संसदेत सांगितलेला अंदाज ९ लाख ६४ हजार झाडांचा आहे. बदली वनीकरण हरियाणात! विषुववृत्ताजवळच्या पावसाळी जंगलाची भरपाई अरवलीच्या कोरड्या टेकड्यांत कशी होते, हे वनखात्यातलाच एखादा जाणकार समजावून सांगू शकेल.

या १६६ चौरस किलोमीटरची फोड कुणी फारशी वाचत नाही. बंदराला ७.६६ चौरस किलोमीटर. विमानतळाला ८.४५. वीज प्रकल्पाला ०.३९. उरलेले १४९.६० चौरस किलोमीटर नव्या शहराला. म्हणजे दर शंभर एकरांतले नव्वद एकर शहरासाठी आहेत. प्रत्येक आक्षेपावर ‘देशाची सुरक्षा’ हे उत्तर दिले जाते, माहिती अधिकारात कागद मागितले तर सामरिक कारण सांगून नाकारले जातात, पण जमिनीचा नव्वद टक्के वाटा ज्या शहरासाठी आहे ते छावणी नाही. तिथे हॉटेले असतील, व्यापारी संकुले असतील, पर्यटन असेल. आज बेटावर सुमारे आठ हजार माणसे आहेत, तीस वर्षांत ती साडेतीन लाख व्हावीत अशी योजना आहे. ‘बाज’ची धावपट्टी लांब करायला साडेतीन लाख लोकांचे शहर लागते का, हा प्रश्न देशद्रोहाचा नाही. तो साध्या हिशेबाचा आहे.

बंदराचे गणितही तपासण्यासारखे आहे. आपला बराच कंटेनर माल कोलंबो, सिंगापूर, क्लांग इथे मोठ्या जहाजांवर चढतो, त्याचे पैसे बाहेर जातात, म्हणून आपले बंदर हवे, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण याच कामासाठी केरळात विळिंजम बंदर मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झाले. आपल्या पालघरमध्ये ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, तिथल्या मच्छीमारांचा विरोध बाजूला सारून. विळिंजम आणि वाढवणच्या पाठीमागे निदान मुख्य भूमी आहे, रेल्वे आहे, कारखाने आहेत. गॅलेथियाच्या पाठीमागे जंगल आणि पुढे समुद्र. तिथे उतरलेला प्रत्येक डबा पुन्हा जहाजावरच चढणार. जहाज कंपन्या सिंगापूर सोडून इथे का येतील, याचे पटणारे उत्तर मला अजून कुठल्याही सरकारी कागदात दिसलेले नाही. आणि तिथल्या वीज प्रकल्पाला लागणारा वायूही निदान सुरुवातीला जहाजानेच आणावा लागेल. म्हणजे ज्या बेटाला ऊर्जेचे भांडार म्हणून दाखवले जाते, ते आधी ऊर्जेचे गिऱ्हाईक होणार.

तिथे कोण राहते

शॉम्पेन जंगलाच्या आतल्या भागात राहतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ नोंदली गेली. बाहेरच्या माणसांशी संपर्क कमी, त्यामुळे साध्या गोवर-फ्लूलाही शरीराची तयारी नाही. अंदमानात हे एकदा घडून गेले आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी काळ्या पाण्याची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजारांत होते, आज पन्नासच्या आसपास उरले आहेत. त्यांना फार थोड्या गोळ्या लागल्या, बहुतेक काम रोगांनी केले. २०१५ मध्ये केंद्र सरकारनेच शॉम्पेनांविषयी धोरण आखले, त्यात मोठ्या विकास प्रकल्पांपेक्षा त्यांच्या हिताला आणि अखंडतेला प्राधान्य द्यावे असे म्हटले. धोरण फाइलीत आहे. प्रकल्पासाठी आदिवासी राखीव क्षेत्रातले सुमारे ८४ चौरस किलोमीटर मोकळे करायचे ठरले आहे.

किनाऱ्यावरचे निकोबारी लोक वेगळे. त्यांच्याबद्दल लातूरकरांना जास्त सांगावे लागणार नाही. २६ डिसेंबर २००४ च्या पहाटे सुमात्राजवळ भूकंप झाला, त्सुनामी आली आणि इंदिरा पॉईंटची जमीनच सुमारे सव्वाचार मीटर खचली. दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरची निकोबारी गावे वाहून गेली. जे वाचले त्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथल्या वसाहतींत आणून ठेवले. तात्पुरते, असे म्हटले होते. वीस वर्षे होऊन गेली. आम्हाला आमच्या जुन्या गावी जाऊ द्या, अशी त्यांची मागणी आहे. त्या जुन्या गावांची जमीन आता प्रकल्पाच्या नकाशात आली आहे. माणसे तिथे नाहीत, म्हणजे जागा रिकामी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारी माणसे किल्लारी, सास्तूर भागात अजून आहेत. पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली, सरकारने वेगाने काम केले हे मान्य करायला हवे. पण घर कुणाला किती मिळाले? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. मधल्या शेतकऱ्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखी पाडली होती, कागदाने ती पुन्हा जमिनीच्या मापाने उभी केली. आपली बहुतेक कुटुंबे पहिल्या रांगेत बसली हे सांगायला नको. निकोबारी माणसाकडे तर मोजायला सातबाराही नाही. त्यांच्यात जमीन कुटुंबसमूहाची असते, कागद नसतो.

आणखी एक गट आहे, त्यात मराठी माणसेही आहेत. १९६९ पासून पुढची सुमारे दहा वर्षे सरकारने माजी सैनिकांची ३३० च्या आसपास कुटुंबे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वसवली. पंजाब, तामिळनाडू, केरळबरोबर महाराष्ट्रातूनही ती गेली. जंगल साफ करून नारळ, सुपारी लावली. सीमेवर आपली माणसे असावीत म्हणून ज्यांना नेले, त्यांच्याही शेतांवर आता संपादनाची टांगती तलवार आहे. त्यांच्याकडे निदान पट्टे आहेत, भाव मागता येतो.

संमतीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ना हरकत पत्र मिळवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ते मागे घेतले, आपल्या पूर्वजांच्या गावांची जमीन यात जाते हे आपल्याला सांगितले नव्हते असे म्हणून. वनहक्क कायद्याखाली हक्क निश्चित न करताच ते निश्चित झाल्याचे प्रमाणपत्र दिले, हा आक्षेप कोलकाता उच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरीत हस्तक्षेप करायला नकार दिला आणि काही मुद्द्यांसाठी समिती नेमली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला कलम ३३८-अ ने दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत, त्या आयोगाकडून या प्रकरणी जेवढ्या ठामपणाची अपेक्षा होती तेवढा दिसला नाही.

दिएगो गार्सियाचा धडा

बेट रिकामे ‘ठरवतात’ कसे, याचे सर्वांत उघडे उदाहरण हिंदी महासागरातच आहे. मॉरिशसला आपली मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेली, आजही तिथे मराठी शिकवली जाते. त्या देशाचाच भाग असलेला चागोस बेटसमूह ब्रिटनने ८ नोव्हेंबर १९६५ ला, मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, तीन दशलक्ष पौंड देऊन तोडला. त्यातले दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते, तेही माणसांशिवाय. तिथे दीड-दोन हजार लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. आफ्रिकी गुलाम आणि दक्षिण भारतीय मजुरांचे ते वंशज. लंडनच्या अधिकाऱ्यांनी तोडगा काढला : हे कायमचे रहिवासी नाहीत, कंत्राटी मजूर आहेत, असे कागदोपत्री दाखवायचे. १९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडले. त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली. पुढे इराक, अफगाणिस्तानवर विमाने याच तळावरून उडाली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन बेकायदा असल्याचे मत दिले. त्याच मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला, भारत मॉरिशसच्या बाजूने होता. २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचे, तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे, बदल्यात वर्षाला सरासरी १०१ दशलक्ष पौंड. दोन सरकारांनी वाटाघाटी केल्या. चागोशी माणसांना टेबलावर खुर्ची नव्हती. हाकलताना त्यांना विचारले नव्हते आणि न्याय देतानाही विचारले नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात जास्त बोचते. भारताने चागोसवर वसाहतवादाविरुद्ध मत दिले ते बरोबरच केले. तीच कसोटी निकोबारला लावायची की नाही, एवढाच प्रश्न. मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर, जिथे जेमतेम तीनशे लोक राहतात, भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ ला झाले. आपणही आता या खेळातले खेळाडू आहोत, फक्त प्रेक्षक नाही.

गायरान

‘रिकामी जमीन’ हा शब्द मराठवाड्याने फार ऐकला आहे. महार वतनाच्या जमिनी, इनामे, गायराने. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली, तेव्हाही प्रशासनाचे उत्तर हेच होते की ही जमीन कुणाची नाही. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. किती गावांत ती वाट प्रत्यक्ष तहसील कचेरीपर्यंत पोचली, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते तपासावे.

आता गायरानावर नवा दावेदार आला आहे, तोही ऊर्जेचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने सौर प्रकल्पांना दिल्या जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे, रात्री पाणी द्यायला जाऊन साप चावलेली माणसे आपल्याही गावात आहेत. खासगी जमीनमालकाने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. ग्रामपंचायतीला अनुदान मिळते. चाळीस वर्षे गायरान कसणाऱ्या, पण सातबारा नसलेल्या कुटुंबाला काय मिळते? अतिक्रमण हटवण्याची नोटीस. शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध नांदेड, परभणी, लातूरचे शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा सरकारला त्यांच्याशी बोलावे लागले, कारण त्यांच्या नावावर जमीन आहे. शॉम्पेन आणि गायरानधारक या दोघांच्याही नावावर काही नाही. एकाची जागा ‘जंगल’, दुसऱ्याची ‘सरकारी’.

बाबासाहेब विकासाच्या विरोधात नव्हते, हे आपल्यातल्या काहींना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया तेव्हाच पडला, स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबाची सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. आणि १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनीच हिशेब मांडला, की ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात. हा बोजा सैन्याचा दोष म्हणून त्यांनी मांडला नाही. परराष्ट्र धोरण चुकले म्हणून तो वाढला, असे त्यांचे म्हणणे होते. वीज हवी, संरक्षण हवे, आणि दोन्हीचा हिशेबही हवा, ही त्यांची शिस्त.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. १९४५ च्या ‘कम्युनल डेडलॉक’वरच्या भाषणात बाबासाहेबांनी आदिवासींना आपल्या प्रतिनिधित्वाच्या योजनेबाहेर ठेवले होते. पुढे संविधानात पाचवी आणि सहावी अनुसूची आली, राखीव जागा आल्या. पण आपल्या चळवळीत आदिवासी प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय राहिलीच. किनवट-माहूरचे गोंड, कोलाम आपल्याच जिल्ह्यात राहतात, आपल्या जयंतीच्या मंचावर ते किती वेळा दिसतात?

बौद्धांसाठी या बेटाला आणखी एक जुना धागा आहे. सातव्या शतकात चिनी भिक्खू इत्सिंग सुमात्रातल्या श्रीविजयहून ताम्रलिप्तीला येताना निकोबारांजवळून गेला. विवस्त्र लोकांचा देश, असे त्याने लिहून ठेवले. ते होड्या घेऊन जहाजाजवळ येत, नारळ, केळी देत आणि बदल्यात लोखंड मागत, असेही. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही हे बेट रिकामे नव्हते. तिथले लोक व्यवहार करत होते, काय हवे ते सांगत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव ‘श्री विजय पुरम’ झाले, तेव्हा चोळांच्या नौदल तळाचा अभिमानाने उल्लेख झाला. त्याच चोळांनी १०२५ मध्ये ज्या श्रीविजयवर हल्ला केला ते बौद्ध विद्येचे मोठे केंद्र होते, हे मात्र कुणी बोलले नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत हे दिलेले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद हे कारण दिले आहे. शाक्य संघाला युद्ध हवे होते. सिद्धार्थाने सुचवले, की दोघांनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी निवाडा करावा. ठराव बहुमताने पडला. पाणी, जमीन, सीमा यांच्या वादात दुसऱ्या बाजूला समोर बसवा, एवढेच तो मागत होता. निकोबारच्या आदिवासी परिषदेची मागणीही याहून फार मोठी नाही.

आपण काय करायचे, हे कार्यकर्ते विचारतील. गावच्या गायरानाची यादी काढा. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या ताब्याचे पुरावे गोळा करा : दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, जुन्या नोटिसा. अतिक्रमणाची नोटीस फाडून टाकू नका, तीच ताब्याचा पुरावा असते. सौर प्रकल्पासाठी ग्रामसभेचा ठराव झाला असेल तर इतिवृत्ताची प्रत मागा आणि त्या दिवशी सभा खरेच झाली होती का ते पाहा. बावरीनगरच्या धम्म परिषदेत दरवर्षी ठराव होतात. पुढच्या पौष पौर्णिमेला गायरानाच्या ठरावाखाली निकोबारच्या आदिवासी परिषदेने मागे घेतलेल्या संमतीला पाठिंबा देणाऱ्या दोन ओळी घाला आणि त्याची प्रत राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला नोंदणीकृत टपालाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा.